सुई रोज हलली पाहिजे

प्रिय निवृत्तीदादा,

काल कारखान्याच्या जुन्या माणसांनी तुमची शोकसभा घेतली. माझी पाळी आली तेव्हा उठलो, "दादा फार कर्तव्यदक्ष होते" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "शिवा, दिसभर टकळी आन् मोक्याला मुका." जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलवेना, म्हणून आज लिहितोय.

आपल्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ते गॅस तपासायचं यंत्र आलं, आठवतं? एक रबरी फुगा, लांब नळी आणि काचेखाली सुई. नळी टाकीत सोडायची, फुगा दाबून आतली हवा ओढायची. हवेत स्पिरिटची वाफ असली की सुई तांबड्याकडं सरकायची. तांबडं म्हणजे ठिणगी पडली की भडका. मी वेल्डर, ठिणग्यांचाच धंदा. म्हणजे यंत्र आणलं माझ्या जिवासाठी आणि गळ्यात घालून मिरवायचात तुम्ही! फडक्यानं पुसायचात, कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. सगळी डिस्टिलरी त्याला "धाकली वैनी" म्हणायची. तुम्हाला माहीत होतं का? थोरल्या वैनींना माहीत होतं.

रोज सकाळी तुम्ही बाटलीत चार थेंब स्पिरिट टाकून तिच्या तोंडाशी नळी धरायचात. सुई हलली की मगच मला कामाला सोडायचात. पण स्पिरिटला एक्साइजच्या इन्स्पेक्टरांचं कुलूप. चार थेंबांसाठी रोज अर्ज, रोज सही, आणि सही झाली की ते तुमचं तोंड हुंगायचे. उभ्या जन्मात दारूला न शिवलेला माणूस तुम्ही, शांतपणे आ करून उभे राहायचात.

चीफ इंजिनियर साहेबांनी एकदा यंत्राचं पुस्तकच आणून दाखवलं. सहा महिन्यांतून एकदा पुण्याचा माणूस येऊन यंत्र जुळवून जाईल, एवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही म्हणालात, "सायेब, ती खरं किती बोलती ते पुण्याचा माणूस बघंल. पर ती जित्ती हाय का न्हाय, ते रोज आपल्यालाच बघाय पायजे. पुस्तकाला काय टाकीत उतरायचं न्हाय."

माझ्यासाठी मुलगी बघायला कळंबला गेलो, तिथंही तुम्ही सोडलं नाही. पोहे बाजूला सारून तिला वावराच्या पार टोकाला उभं केलंत आणि तिथून हाक मारायला लावलीत. वेल्डरचे कान लवकर जातात, बायकोचा आवाज पुरला पाहिजे, म्हणालात. हाक ऐकू आली, लग्न ठरलं. ती हाक अजून तिसऱ्या गल्लीपर्यंत जाते, दादा. इतकी कडक तपासणी करायची काही गरज होती का?

मग तो दुष्काळ आला. ऊस वाळला, कारखाना लवकर बंद पडला आणि रिकाम्या टाक्यांची डागडुजी निघाली. एरवी टाकी पाण्यानं भरून धुतली की आतली वाफ जायची. त्या साली प्यायचं पाणी टँकरनं यायचं, टाकी कशानं धुणार? पंखा लावून हवा खेळवायची आणि यंत्रावर भरवसा ठेवायचा, एवढंच हातात होतं.

आता जे सांगतोय ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. आदल्या संध्याकाळी माझा मेहुणा आला होता. त्याला थाट दाखवावा म्हणून, तुम्ही हातपाय धुवायला गेलात तेवढ्यात, मी कपाटातनं यंत्र काढलं. गळ्यात घालताना पट्टा निसटला आणि ते फरशीवर आदळलं. काच शाबूत, सुई शून्यावर, कोपऱ्यात जरासा पोचा. काही झालं नाही, असं मनाशी म्हणालो आणि होतं तिथं ठेवून दिलं. मेलेलं यंत्रसुद्धा शून्यच दाखवतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही!

सकाळी इन्स्पेक्टरांची एसटी चुकली. स्पिरिट मिळेना, साहेबांना घाई. नळी टाकीत सोडली, सुई शून्यावर. "हवा साफ आहे, शिवा, चढ," साहेब म्हणाले. तुम्ही जाऊन शिडीच्या खालच्या पायरीवर बसलात.

"आज सुई हाललेली म्या बघितली न्हाय. कुणी चढायचं न्हाय."

साहेब तापले, मीही कुरकुर केली. तुम्ही दोन तास हलला नाहीत, भाकरीसुद्धा तिथंच सोडून खाल्लीत. मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी कँटीनला जाऊन चहा प्यालो.

इन्स्पेक्टर आले, चार थेंब मिळाले. सुई हलली नाही. पुन्हा फुगा दाबलात, तरी नाही. मग जीप पाठवून शेजारच्या कारखान्यातलं यंत्र आणलं. तुम्ही त्यालाही आधी चार थेंब हुंगवलेत आणि मगच नळी टाकीत सोडलीत. सुई सरळ तांबड्याच्या शेवटाला जाऊन टेकली. मी तिथंच खाली बसलो. तुम्हीच मला पाणी दिलंत.

यंत्र पाडलं कुणी, असं साहेबांनी विचारलं. तुम्ही पोचा बघितलात, मग माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "माज्याच हातनं पडलं आसंल." निष्काळजीपणाचा मेमो तुम्हाला मिळाला. कशाला, दादा? एक थोबाडीत दिली असतीत तर मी सुटलो असतो.

यंत्र दुरुस्त होऊन आलं त्या सकाळी तुम्ही ते माझ्या गळ्यात अडकवलंत. "आजपासनं तू बघ," एवढंच. मी रिटायर होईस्तोवर एकामागून एक इन्स्पेक्टर माझं तोंड हुंगत राहिले. एकही सकाळ चुकवली नाही, तेवढं मात्र तुम्हाला सांगता येतं.

मेमो खरा मनावर घेतला तो वैनींनी. धाकलीला पाडणाऱ्या माणसाच्या हातात त्यांनी पुन्हा कपबशी दिली नाही. मला कपबशी, तुम्हाला जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, पेला. माझ्यासमोर तुम्ही त्या पेल्यानं ओठ भाजून घ्यायचात आणि माझ्याकडं बघायचातही नाही.

येत्या रविवारी पहिल्या एसटीनं मुरुमला, तुमच्या घरी, जाणार आहे. वैनींना सगळं सांगणार, दारातच, चप्पल काढायच्या आधी. आत गेलो, चहा पुढं आला की मी गप बसतो, हे मला आता नीट कळलंय. मग त्यांना काय बोलायचं ते बोलू द्या, मी ऐकून घेईन. शब्द देतो, दादा.

तुमचा,
शिवा वेल्डर, लोहारा