जिराफाला माफ करण्याचा कार्यक्रम

४ तारीख, मंगळवार
रोजनिशी पडलो त्याच दिवशी सुरू करायची होती. आधी पेन नव्हतं, पेन मिळालं तेव्हा मूड नव्हता, मूड आला तेव्हा भावजींची मॅच लागली होती. असो. आजपासून नक्की.

मांडीपर्यंत प्लास्टर. मुक्काम ताईच्या हॉलमध्ये, दिवाणावर. कुशीवर वळायचं तरी ताईला हाक मारावी लागते. आणि मी कोण, तर एका गावात फार दिवस न टिकणारा माणूस.

सकाळी चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले. रविवारी दुपारी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घरीच आणतो म्हणाले, पण मनात कुणाबद्दल अढी असेल तर त्याआधी सोडव. मी काही बोलायच्या आत ताईनं सांगून टाकलं, आहे ना, जिराफाबद्दल. जिराफ म्हणजे माझा रंगकामातला पार्टनर. उंच म्हणून जिराफ. त्यानं शिडी सोडली आणि मी खाली आलो.

निर्णय: जिराफाला माफ करणे. मोठ्या मनानं.

५, बुधवार
केलं माफ. चहाच्या आधीच. लोक उगाच बाऊ करतात.

दुपारी: त्याला कळलंच नाही तर उपयोग काय? ताईला म्हटलं, निरोप दे, पण आपणहून नको, त्यानं विचारलं तर दे. ती म्हणाली, तो कशाला विचारायला येतोय, तू मुकादमाचे कान भरलेस आणि त्याला घरी बसवलंय. सोमवारी त्याच्या जागी दुसरा घेणार आहेत.

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे अंदाज होता. पण मी मुकादमाला एवढंच सांगितलं की त्यानं शिडी सोडली. यात खोटं काय?

सीलिंगला पंख्याजवळ पॅच मारलाय. रोलरच्या रेघा उठून दिसतात. असलं काम कोण करतं, विचारलं. ताई म्हणाली, तूच.

६, गुरुवार
माफीचं भाषण तयार. सुरुवात: "जिरफ्या, माणूस म्हटला की चुकायचाच." भावजींना वाचून दाखवलं. टीव्हीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, आमचे मेव्हणे नक्की कशाबद्दल माफ करताहेत? म्हटलं, शिडी. मग म्हणाले, तुमच्या धंद्यात वरचा 'उतरलो' म्हणेपर्यंत खालचा हात काढत नाही ना? म्हटलं, नाही काढत.

"मग, म्हणाला होतात का?"

मॅच रंगात आली होती, म्हणून स्कोअर विचारला.

७, शुक्रवार
'उतरलो' म्हणालो होतो, हे टेक्निकली खरं. उतरलोही होतो. पण बाहेर एवढा मोठा हॉर्न वाजला की वरच्या झरोक्यातून बघायला गुपचूप परत चढलो. ट्रेलर चालला होता, त्यावर अख्खी नाव. रस्त्यावरून नाव जाते आणि माणसानं बघायचं नाही? जिराफ पाठ फिरवून रंग ढवळत बसला. जिवाभावाच्या पार्टनरला न सांगता कळायला हवं. म्हणजे चुकलंच त्याचं. थोडं. माफ करायला थोडं पुरतं.

ती नाव कुठल्या समुद्राला लागली असेल?

प्लास्टरच्या आत खाज. ताईची विणायची सुई घातली. ती आत पडली. सांगितलेलं नाही.

८, शनिवार
पाळकसाहेबांचा फोन. सांगितलं, माफी उरकली. ते खूश झाले. म्हणाले, मग उद्या प्रार्थनेच्या वेळी त्यानं काय केलं ते एकदा नीट सांग आणि देवासमोर सोडून दे. म्हटलं, झालं ते झालं, उकरायचं कशाला?

"अरे, काय सोडतोयस ते ठाऊक नसेल तर सोडणार काय?"

यावर मला खोकला आला.

संध्याकाळी ताई प्रार्थनासभेहून आली ती डोळे पुसत. जिराफ सगळ्यांसमोर उभा राहिला म्हणे. म्हणाला, तो 'उतरलो' म्हणाला, पण मी एकदा वर बघायला हवं होतं, माझ्यामुळे त्याचा पाय मोडला. बायका रडल्या. पाय माझा, आणि रडतात त्याच्यासाठी.

ताईनं मला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. उठून गॅलरीत जावं म्हटलं, तर पाय हा असा.

उद्या ताप येईल असं वाटतं. भावजींनी थर्मामीटर लावला. नाही.

९, रविवार, दुपार
इस्त्रीचा शर्ट. केस विंचरले. ठरलं: मुकादमाला सगळं खरं सांगायचं. उद्याच. म्हणजे त्याचा मूड बघून. आजच्या प्रार्थनेत मोघम बोलू. अंथरुणावरच्या माणसाला देव एवढी सूट देतच असेल.

बेल वाजली. डोळे मिटून भाविक चेहरा केला. ताई दार उघडायला जिना उतरून खाली गेली. खाली बरंच बोलणं चाललंय. भावजींनी मॅच चालू असताना टीव्ही बंद केला. या घरात असं कधी झालेलं नाही.

ताई वर आली. म्हणाली, पाळकसाहेब नाहीत, जिराफ आलाय. खाली चपला काढतोय. पाळकसाहेब यायच्या आत त्याला माझी माफी मागायचीय.