दोन नंबरची झोपडी

११ जून, मंगळवार

आला! बसमधून उतरला तर हातात कपड्यांची पिशवी नाही, पोटाशी धरलेला एक लॅपटॉप. मी म्हटलं, यांखो, आजीला काय आणलंस? म्हणतो, "बायको, सवत आणलीय."

आमच्याकडे नातू आजीला थट्टेनं बायको म्हणतोच. पण हा म्हणतो तेव्हा शेजारच्या बायका कान टवकारतात. मीही मग हात कमरेवर ठेवून म्हटलं, सवत तर सवत, पण मक्याच्या पिठाची न्सिमा कोण घोटणार? ती की मी?

चहामळ्याच्या कचेरीनं टाकून दिलेला लॅपटॉप आहे. उघडला की त्याचा पंखा असा घरघरतो, जशी मी टेकडी चढून आल्यावर. दोन आठवडे राहणार आहे! लिंबे शहरातल्या दुकानातून रजा घेऊन आलाय. मोबाइल दुरुस्त करतो तिथे. माझा मोबाइल मात्र त्यालाही जमला नाही — पाण्याच्या माठात तीन दिवस होता बिचारा.

भोपळ्याची पानं शेंगदाण्याचा कूट घालून केली. तीनदा वाढून घेतली त्यानं.

१२ जून, बुधवार

बाहेर चिपेरोनी वाऱ्याच्या पावसाची झिमझिम, आत स्क्रीनवर अक्षरांची. यांखो जुनं सगळं पुसून नवीन घालतोय. त्याला लिनक्स म्हणतात. हलकं असतं म्हणे. "बायको, हे मशीन तुझ्यासारखं म्हातारं आहे. डोक्यावर मोळी दिली की बसकण मारतं. पण नुसती टोपली दिली तर बघ कसं चालतं." मी म्हटलं, मी अजून मोळी आणते, तुझ्या मशीनचं तू बघ.

संध्याकाळी ओरडला, झालं! मी पीठ टाकून धावले. बघते तर काय — काही नाही! काळी स्क्रीन. ना चित्र, ना बटण. खाली एक बारीक पट्टी, तीत एक आकडा. आणि हा खूश! दिवसभर राबून घर रिकामं केलं आणि नाचतोय.

१४ जून, शुक्रवार

आता कळलं कशासाठी.

माझ्या उजव्या हाताची थरथर त्यानं बघितलीय. मी लपवते, कप दोन हातांनी धरते, पण बघितलीच. मागच्या वेळी त्याच्या दुकानातल्या मशीनवर मला तो बाण हलवायला दिला होता, तर घार बघितलेल्या पिल्लासारखा बाण इकडून तिकडे पळाला. तेव्हा हसला होता. हसून विसरला असं मला वाटलं. विसरला नव्हता.

या मशीनवर बाणच लागत नाही. सगळं बोटानं, एकेक की दाबून. आणि खिडक्या ओढायच्या नाहीत, मोठ्या-लहान करायच्या नाहीत. एक उघडली की पूर्ण जागा तिची. दुसरी उघडली की पहिली आपणहून सरकते, अर्धी-अर्धी. तिसरी आली की पुन्हा वाटणी. मी म्हटलं, हे तर माझं शेत! मक्याच्या मध्ये भोपळा, भोपळ्याच्या मध्ये शेंगा, आणि कुणी कुणाच्या अंगावर नाही. यांखो म्हणतो, "दुकानातल्या पोरांना हे समजायला महिना लागला." मला आनंदानं झोप लागेना. तिसरीपर्यंत शिकलेली बाई मी, आंब्याखालच्या प्रौढ वर्गात अक्षरं गिरवलेली!

मुख्य की विसरायला नको म्हणून तिच्यावर त्यानं जांभळ्या नखरंगाचा ठिपका दिला. मी म्हटलं, पुरुषाच्या खिशात नखरंग कुठून आला? तो कीबोर्डवर आणखी वाकला.

१५ जून, शनिवार

एक लांबलचक फाइल असते, तिच्यात सगळे नियम लिहायचे. कुठली की काय करणार, रेघ कुठल्या रंगाची. मी जांभळी रेघ मागितली, माझ्या लग्नात नेसलेल्या चितेंजेसारखी. तो लिहितो, मी कणसं सोलते. एकदम वर लाल पट्टी आली. मी दचकले. त्यानं एक शब्द चुकवला होता, इतकंच. पण मला बजावलं, "लाल दिसलं की चुकलंय समज. हात लावू नकोस, मला सांग."

लक्षात ठेवलं. लाल — हात लावायचा नाही.

१७ जून, सोमवार

आज खोल्या शिकले. पट्टीवर आकडे आहेत ना, त्या खोल्या. जांभळी की आणि एक — एक नंबरची खोली. जांभळी की आणि दोन — दोन नंबरची. एकीत गेलं की दुसरी दिसत नाही, पण तिथलं काही हरवत नाही. जसंच्या तसं राहतं.

मला नीट कळेना तेव्हा यांखो म्हणाला, "अगं, एक नंबर म्हणजे तुझं घर. दोन नंबर म्हणजे माझी झोपडी." मग लगेच कळलं! तो चौदा वर्षांचा झाला तेव्हा अंगणापलीकडे त्याला झोपडी बांधून दिली. त्या दिवसापासून मी तिच्यात पाऊल टाकलं नाही. दाराशी उभं राहून "ओदी" म्हणायचं, आतून उत्तर आलं तर बोलायचं, नाही आलं तर परत फिरायचं. वाढलेल्या मुलाच्या झोपडीत आजी शिरत नाही. त्याची न्सिमा घोटणारी असली तरी नाही.

माझ्या घरात मी बियाण्यांची यादी लिहितेय. कुठली शेंग कुणाकडून आली. सतरा झाल्या.

१८ जून, मंगळवार

कोंबडा कीबोर्डवर चढला! पांढरा, तोच, ज्याला मी कुणाच्या तरी कामी येईल म्हणून पोसतेय. टोचतोय आणि एकामागून एक खिडक्या उघडताहेत. सहा झाल्या, भोपळ्याच्या फोडींसारख्या. यांखो नदीवर गेलेला. मी कोंबडा बगलेत धरला आणि एकेक खिडकी बंद केली. सगळ्या! एकटीनं! यांखोला सांगितलं तर म्हणतो, "कोंबड्याला लिंबेला नेतो, नोकरी देतो."

२१ जून, शुक्रवार

सांगितलं शेवटी. तियामिके नाव आहे. फालोंबेकडची. नखरंग तिचाच.

मी टाळ्या वाजवल्या, उलूलू केलं, दोन शेजारणी धावत आल्या. मग त्या गेल्या आणि मी चुलीपाशी बसले तेव्हा ध्यानात आलं. आमच्यात लग्न झालं की पुरुष बायकोच्या गावी राहायला जातो. तसंच असतं. फालोंबे. दोन बस बदलून.

त्याची आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा. तेव्हापासून या घरात दोनच पाट.

माझा म्हाताराही असाच कुठल्यातरी आजीच्या चुलीपासून उठून माझ्याकडे आला होता. पन्नास वर्षांत एकदाही ती आजी माझ्या मनात आली नाही. आज दिवसभर तीच येतेय.

२२ जून, शनिवार

काही बोलले नाही. बोलायचं नसतं. कोंबड्याला मूठभर मका जास्त.

२४ जून, सोमवार

गेला. काल दिवसभर वीज नव्हती, मशीन मिटून पडलं होतं. शेवटचं काय ते शिकवायचं राहूनच गेलं म्हणाला. बसच्या दारात उभा राहून ओरडला, "दोन नंबरमध्ये मी असेन, बायको!" सगळी बस हसली. मीही हसले.

मशीन मलाच ठेवलंय. इंटरनेटची कांडीही लावून ठेवलीय, महिनाभर पुरेल म्हणे.

२५ जून, मंगळवार

खाली दोनचा आकडा लाल झालाय.

लाल म्हणजे चुकलंय. हात लावला नाही.

२८ जून, शुक्रवार

सकाळी लावते तेव्हा आकडा करडा असतो. चहा होईस्तोवर लाल! रोज. आणि मधूनच टिंग वाजतं, कुणी पेल्यावर चमचा मारल्यासारखं. यांखोला सांगायला हवं, पण सांगू कशी? मोबाइल मेला. आणि तशीही झोपडी त्याची. दोन नंबरमध्ये मी असेन म्हणाला, म्हणजे त्याचं काही काम तिथे चालत असेल. कुठल्या तोंडानं शिरू?

आकड्याकडे बघून एकदा "ओदी" म्हटलं. माझं मलाच हसू आलं. शेजारीण म्हणाली, एकटी कुणाशी बोलतेस? म्हटलं, नवऱ्याशी.

१ जुलै, सोमवार

चैन पडत नाही. शेतात जाते, अर्ध्यातून परत येते. घरात बसते, दारात जाते. यादी एकतीस झाली. हाताची थरथर कीवर त्रास देत नाही, खरंच नाही! एक बोट उचलायचं, ठेवायचं. हे त्याला सांगावंसं वाटतं. सात दिवस झाले, एक निरोप नाही. बसवाल्याकडे चिठ्ठी दिली असती तरी पोचली असती.

तियामिकेची आजी आता भोपळ्याची पानं शिजवत असेल. कूट घालते का कोण जाणे.

५ जुलै, शुक्रवार

लाल. टिंग. कोंबडा जड झालाय. पुढच्या शनिवारी, तेराला, कोंबडा-कोंबडीची अदलाबदल. मुलाकडून कोंबडा, मुलीकडून कोंबडी, मग लग्न पक्कं. मला कुणी विचारलं नाही, यांखोच्या मामालाच कळवलंय.

मीही गेले नाही विचारायला. माझेही गुडघे दुखतात.

९ जुलै, मंगळवार

लामेक आला सायकलवरून. माझा मुलगा, यांखोचा मामा. लग्नाची बोलणी तोच करतोय. चिखलाचे पाय दारातच ठेवून म्हणाला, "आई, पोरगा तुझ्या होकाराची वाट बघतोय. म्हणतो, आजी बोलत नाही."

मी बोलत नाही! दोन आठवडे आकड्याला ओदी म्हणतेय मी, आणि मी बोलत नाही! राग आला. म्हटलं, कोंबडा पोसतेय हा होकार नाही का? जायचं तर जा म्हणावं. सगळेच जातात.

"असंच सांगू?"

असंच सांग.

त्यानं दोन गोड बटाटे खिशात घातले आणि गेला. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर मी हाक मारली. ऐकू गेली नाही.

११ जुलै, गुरुवार

आज टिंग नाही. आकडा करडाच. चुकलेलं आपणहून नीट झालं वाटतं.

मग बरं का वाटत नाही?

१२ जुलै, शुक्रवार

दुपारी एकदाच वाजलं. लाल झाला. तसाच राहिला.

मी उद्या फालोंबेला जाणार नाही. पहाटे लामेक येईल, कोंबडा घेऊन जाईल. टोपली तयार आहे. गुडघ्याचं कारण आहेच.

दिवसभर अंगण झाडलं. त्याच्या झोपडीच्या दारापर्यंत झाडलं आणि थांबले. मग सुचलं — उद्यापासून तो बायकोचा नवरा. ब्रह्मचाऱ्याची झोपडी उद्या रिकामी. आणि रिकामी झोपडी झाडायची कुणी? ज्या घराची ती, त्या घरातल्या बाईनं. तिथे ओदी लागत नाही.

या मातीच्या झोपडीची पाळी उद्या सकाळी. मग मशीनमधल्या दोन नंबरचीही.

१३ जुलै, शनिवार

मातीची झाडली. मग जांभळी की आणि दोन.

पत्रं! आत सगळी पत्रं, माझ्या नावाची, एकाखाली एक. पहिलं पंचवीस जूनचं. "बायको, तियामिकेची आजी मुलीला आपल्याकडे पाठवायला तयार आहे. शेंगांच्या वाफ्यापलीकडे घर बांधू. पण त्या घराची मोठी तू, आधी तुझा हो हवा. मामाला मग सांगू." मग रोज एक. वाचलंस का. रागावलीस का. तियामिके तुझ्याकडून भोपळ्याची पानं शिकायला तयार आहे. शेवटचं कालचं — "मामानं सांगितलं. समजलो. मी तिकडेच राहीन."

खाली लिहायची जागा होती. एका बोटानं लिहिलं, हो.

लामेक दारात उभा आहे, कोंबडा मागतोय. देणार नाही. चप्पल शोधतेय. कोंबडा माझ्या बगलेत आहे, आणि बस सातला.