मीठ वाढले

मंगळवार, ता. ४

ती. काकांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

पोचले. अठरा दिवसांपूर्वीच पोचले, कळवायचं राहिलं.

तुम्ही सांगितलेल्या किराणा दुकानात लागले. काचेचं दार, फळ्यांच्या सात रांगा, मागे गोदाम. मी फळ्या भरते. जुना माल पुढे आणि नवा मागे लावायचा असतो, मी पहिले दोन दिवस उलटं केलं. मालकीणबाई ओरडल्या नाहीत. माझ्यासमोर एकेक डबा काढून पुन्हा लावत बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता खरी बातमी. इथल्या पुलाला तडा गेलाय, मालाच्या गाड्या बंद. दुरुस्तीला आठ दिवस लागतील अशी नोटीस लागली आणि दुपारपर्यंत लोकांच्या तोंडी त्या आठ दिवसांचे तीन महिने झाले. पीठ, तेल, साखर, काडेपेट्या, फळी भरून मी वळते तोवर रिकामी. एका गृहस्थांनी फरशी पुसायचे अकरा मॉप नेले. कशाला, विचारलं, तर म्हणाले सगळेच काहीतरी घेतायत. मग बोलता बोलता कळलं की तरुणपणी ते सर्कशीचे तंबू ठोकायचे. हत्ती खुंटा कसा उपटतो ते सांगायला लागले, आणि मागे रांग थेट रस्त्यावर. बाई आल्या. पुढचं तुम्ही ओळखाल.

काका, माझं इथे मन रमत नाही. घाटावर एक नाववाला भेटलाय, त्याला हाताखाली माणूस हवंय. तो रविवारी निघतो. बाईंना अजून सांगितलं नाही.

काकूला नमस्कार. माया आहे तेवढी राहू द्या, जास्तीची मागत नाही.

आपली,
भिंगरी

---

गुरुवार, ता. ६

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद आणि एक चिमटा.

माझ्या मापाच्या वहीचं शेवटचं पान तुझ्या नोकऱ्यांचं आहे. रोपवाटिका, नऊ दिवस. छापखाना, एक महिना. फोटोवाला, दोन दिवस, त्यातला एक रविवार.

मी शिंपी माणूस, कापड कुठे कमी पडतंय ते मला लांबून दिसतं. मालकीणबाई आणि मी एका वर्गात होतो. त्या कुणालाही पारखल्याशिवाय ठेवत नाहीत. तुला ठेवलं ते केवळ माझ्या शब्दावर. ऐन गर्दीत तू नावेत जाऊन बसलीस तर मी त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने उभा राहू? गर्दी ओसरेपर्यंत थांब, मग नावेत जा नाहीतर विमानात.

काकू म्हणते, पोरगी वेळेवर जेवते का ते विचारा. विचारलं.

रागावलो असलो तरी तुझाच,
काका

---

सोमवार, ता. १०

ती. काकांस सा. न.,

नाव काल गेली. मी गेले नाही. पण आधी वाईट काय झालं ते सांगते.

शनिवारी मीठ संपलं. लोकांचा हेलपाटा नको म्हणून बाईंनी मला दारावर तसं लिहून लावायला सांगितलं. आता काकू कधी मीठ संपलं म्हणते का? तिला ते अभद्र वाटतं, ती वाढलं म्हणते. माझ्या हातून तेच उतरलं. पुठ्ठ्यावर ठसठशीत लिहिलं, मीठ वाढले. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बरोबर होतं हो, तेवढंच बरोबर होतं.

लोकांनी वाचलं, भाव वाढला! आज मिठाचा, तर उद्या साखरेचा आणि तेलाचा. दहा मिनिटांत रांग मोडली, दाराची काच तडकली, एका म्हाताऱ्या मास्तरीणबाईंचा चष्मा पायाखाली गेला. कुणीतरी बाईंना तोंडावर चोर म्हणालं. त्यांनी तीस वर्षांत एक पुडा चढ्या भावाने विकलेला नाही. त्यांनी दुकान बंद केलं आणि मला म्हणाल्या, उद्या आली नाहीस तरी चालेल. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

खोटं कशाला बोलू, रविवारी सकाळी पिशवी घेऊन घाटावर गेलेच होते. नाववाल्याने हातही पुढे केला. शेजारी दोघीजणी बोलत होत्या की त्या चोरांच्या दुकानाची पायरी चढायची नाही. मी त्यांना म्हटलं, चूक बाईंची नाही, माझी आहे. एक फणकारली की आम्हाला काय सांगतेस, तिथे जाऊन सांग.

गेले. दारापुढे स्टुलावर चढून सांगितलं की वाढले म्हणजे संपले, आमच्या घरी असंच म्हणतात, भाव कालचाच आहे. निम्मे हसले, निम्मे चिडले. एकाने विचारलं की गोदामात दडवून ठेवलं नसेल कशावरून?

मला काय सुचलं कोण जाणे, बाईंना विचारून रांगच गोदामातून वळवली. मागच्या दाराने आत, पोत्यांच्या मधून पुढे, मग दुकानात. ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी बघायचं. काका, पिठाची पोती दिसली की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो! चार पुडे मागायला आलेला एक घेऊन गेला. मीठ नव्हतं ते नव्हतंच, तेही सगळ्यांनी बघितलं. दुपारी एक बाई शनिवारी नेलेले सहा पुडे परत घेऊन आल्या, घरात ठेवायला जागा नाही म्हणाल्या, पण कुणाकडे बघत नव्हत्या.

दार ते गोदाम, गोदाम ते दार, एवढं मी कुठल्याच प्रवासात चालले नव्हते. आणि एकदाही कुठे दुसरीकडे असावंसं वाटलं नाही.

बाई मला ठेवतील की नाही, माहीत नाही. तुमचा शब्द मळवला मी. जमलं तर माया तेवढी मळू देऊ नका.

आपली,
भिंगरी

---

शुक्रवार, ता. १४

चि. भिंगरीस अनेकोत्तम आशीर्वाद. चिमटा मागे घेतला.

तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी मालकीणबाईंचं पत्र आलं. पहिलीच ओळ, तुमचा शब्द परत पाठवते आहे. पुढे वाचायचा धीर होईना, तेव्हा काकूनेच पत्र हातातून घेतलं.

त्या लिहितात की मुलीला तुमच्या शब्दावर घेतलं होतं, आता तिच्यासाठी दुसऱ्या कुणाच्या शब्दाची गरज उरली नाही. राहायचं की जायचं ते तिचं तिने ठरवावं, तिची जागा मी दुसऱ्याला देणार नाही. मास्तरीणबाईंना नवा चष्मा दिला, काचही बसली, असंही लिहिलंय.

काकू दोनदा वाचून मग रडली. मी रडलो नाही. मी ते पत्र खिशात घालून बसलो आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं. त्या नादात दोघांची मापं चुकली. एकाची बाही बोटांच्याही खाली आली. तो कुरकुरायला लागला, तेव्हा त्यालाही पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचून दाखवलं.

तुला पुरून उरेल एवढ्या मायेने,
काका