नव्या हाय कमिशनबद्दल चार ओळी

मंगळवार, २२ जुलै

रमणचा तिसरा मेसेज! वेलिंग्टनला आपल्या हाय कमिशनची नवी इमारत झाली, तर आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी प्रत्येकाने मत द्यायचं. चार ओळी. "सुलभाताई, तुम्ही एवढं वाचता, तुमचं पाहिजेच." सेक्रेटरी झाल्यापासून ह्या माणसाला रोज कुणाचं तरी मत लागतं.

फोटो पाहिले. लाल दगड, मोठी जाळी, आत भरपूर उजेड. बरी आहे. पण नुसत्या फोटोवरून काय सांगणार? नवऱ्यालासुद्धा प्रत्यक्ष पाहून हो म्हटलं होतं मी.

ग्रुपवर मात्र धुमाकूळ. एकाला ती हॉटेल वाटते, एकाला देऊळ. कुणी विचारतंय पार्किंग किती. आणि आमची शकु — इथे हिल्सबरोतच पलीकडच्या गल्लीतली, माझी मैत्रीण — तिचं मत एका ओळीत: "त्या जाळीतली धूळ कोण पुसणार ते आधी सांगा." हिला ताजमहाल दाखवला तरी आधी झाडू शोधेल.

हे असते तर चार ओळी नाही, चार पानं लिहिली असती. नकाशासकट.

बुधवार, २३ जुलै

दिवसभर पाऊस. कढीपत्त्याची कुंडी आत घेतली. मत सुचलं नाही.

रविवार, २७ जुलै

मुलगा, सून, नात — क्षितिज, केतकी आणि श्रिया जेवायला आले होते. पिठलं-भात झाला आणि क्षितिजने घसा खाकरला — अगदी ह्यांच्यासारखा. तेव्हाच ओळखलं, काहीतरी आहे.

ब्रिस्बेनला नोकरी मिळाली त्याला. जानेवारीत जायचं. "तू आमच्याबरोबरच यायचंस आई. खालची खोली तुझी."

अडचण एकच. ते तिघं इथले नागरिक. त्यांना ऑस्ट्रेलियात राहायला जायचं तर कुणाला विचारावं लागत नाही. माझा पासपोर्ट भारताचा.

"तू इथल्या सिटिझनशिपचा अर्ज कर. मिळाली की भारताचा पासपोर्ट परत द्यायचा. बस्स!"

बस्स म्हणे.

"घाई नाहीये आई," केतकी म्हणाली. "पण महिन्याभरात भरला तर बरं." घाई नाही आणि महिन्याभरात!

श्रियाला मी बोललेलं सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "आजी, दे हॅव हीप्स ऑफ पूल्स! वुई'ल गेट यू टॉग्ज." मी आणि पोहायचे कपडे! सगळे हसले. मीही हसले. ते गेल्यावर चार ताटं घासली आणि हात थांबले. दर रविवारची ताटं ही.

शुक्रवार, १ ऑगस्ट

दुपारी पासपोर्ट काढून बसले.

ह्यांनी शेवटपर्यंत बदलला नाही. पेनरोजच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले, तिथूनच रिटायर झाले, सगळे सोबती एकेक करून इथले झाले — हे नाहीत. "सुलभा, दोन गोष्टी बदलायच्या नाहीत. पासपोर्ट आणि चहाची पत्ती." पत्ती शेवटी डॉक्टरांनी बदलायला लावली. पासपोर्ट राहिला. जूनमध्ये तीन वर्षं झाली ह्यांना जाऊन.

जुनं ऑफिस आठवलं. पासपोर्ट नवे करायला आम्ही गाडी घेऊन गेलो होतो, क्षितिज बारा वर्षांचा होता. वेलिंग्टनचा वारा असा की ह्यांनी फायली स्वेटरच्या आत घातलेल्या. छोटी खोली, चार खुर्च्या, एक हीटर. खिडकीतल्या माणसाने जन्मगाव वाचलं — चाळीसगाव — आणि उभाच राहिला. "अहो ताई, मी पाचोऱ्याचा!" त्याने आपला डबा उघडला, शेंगदाण्याची चटणी पुढे केली. ते बोलणं, तो हेल मी इथे आल्यापासून तीन वर्षांत ऐकला नव्हता. रडूच आलं. तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं फॉर्म अवघड आहे. "राहू द्या ताई, मी भरतो!"

बाहेर येऊन हे गाडीत बसले आणि पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने रेघा मारायला लागले. "आपली स्वतःची इमारत होईल ना, तेव्हा दाराशी ओटा पाहिजे. माणसं इथं नुसती कागदाला येत नाहीत. टेकायला येतात."

सोमवार, ४ ऑगस्ट

केतकीने फॉर्म आणून ठेवलाय. माझी माहिती पेन्सिलीने भरलेली, सुंदर अक्षर. सही तेवढी बाकी.

शकुला दाखवला. "कर सही आणि जा बाई! मला मुलगा असता तर मी पोहत गेले असते." मग स्वतःची कपबशी तीनदा विसळली तिने.

शनिवार, ९ ऑगस्ट

लायब्ररीत गेले. सातवी शिकलेली बाई मी. गावी पुडीचा कागद मिळाला तरी वाचायची, पण पुस्तकं कुठली? इंग्रजी इथे शिकले. हे कामावर, क्षितिज शाळेत, आणि मी लायब्ररीत लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर, चित्रांच्या पुस्तकाशी झटत. एक वर्षाने मोठ्यांच्या खुर्चीवर गेले. त्या दिवशी काउंटरवरच्या बाईने टाळ्या वाजवल्या होत्या. आता तीही म्हातारी झाली. "किया ओरा, सुला!" म्हणते, माओरीत नमस्कार. माझं अर्धंच नाव तिला येतं, पण कोणतं पुस्तक मला आवडेल ते पूर्ण कळतं.

फॉर्म पिशवीतच होता. काढला नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट, वेलिंग्टन

पाय अजून गार आहेत! झालं काय, ते लिहून ठेवते.

मंडळाचे आम्ही सोळाजण सकाळच्या विमानाने आलो. आज इमारत सगळ्यांना बघायला खुली होती. दारात रांगोळी, समई लावलेली. समई दिसली आणि मी बूट काढले. विचार केलाच नाही — पाय आपोआप बाहेर आले. मागे शकु. तिला वाटलं काढायचे असतात. तिच्या मागे रमण, त्याच्या मागे अख्खी रांग. पाच मिनिटांत दाराशी बुटांचा ढीग, जशी सत्यनारायणाची पूजा आहे!

आतून एक तरुण मराठी अधिकारी धावत आला. "अहो, हे ऑफिस आहे! घाला बूट, लादी गार आहे." कोण ऐकतं? एकदा काढले ते काढले. आमच्या पुढे एक दांडगा माओरी माणूस होता, लाद्या बसवणाऱ्यांतला, त्यालाही बोलावलेलं. त्याने मागे वळून पाहिलं आणि खाली वाकून स्वतःचे बूट सोडले. मोज्याला अंगठ्याशी भोक. "जस्ट लाइक द मराए, ए? स्वीट ॲज." म्हणजे झकास! त्यांच्याही मराएत, सभाघरात, पादत्राणं बाहेरच असतात. अधिकाऱ्याने कपाळाला हात लावला, हसला, आणि मग त्यानेही काढले.

रमण एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत सगळ्यांची मतं टिपून घेत होता. "सोसा आता," शकु म्हणाली, "मत गरमागरम हवं होतं ना?"

इमारत खरंच देखणी आहे. उन्हात जाळीची नक्षी लादीवर पडते. मी ती पाहत फिरले आणि सारखं मान वळवून ह्यांना सांगायला जात होते.

बाहेर भिंतीलगत दगडाची एक बुटकी कड आहे, गुडघ्याएवढी. ओटा नाही म्हणता येणार. बसता येतं मात्र. बसले.

तो अधिकारी चहाचा कप घेऊन आला. "मावशी, कुठल्या तुम्ही?"

"हिल्सबरो."

शकु खो खो हसली. "अगं, गाव विचारतायत ते! तिकडचं!"

मग चाळीसगाव म्हटलं.

रविवार, १७ ऑगस्ट

परत आले. विमान उतरताना मानुकाऊची खाडी दिसली, ओहोटीचा चिखल चकचकत होता. "आलं घर," म्हटलं. शकु झोपली होती.

रमणला मत पाठवलं, ह्यांच्या नावासकट:

इमारत सुंदर आहे.
लादी गार आहे.
टेकायला जागा आहे.
भानुदासांना आवडली असती.

त्याचं उत्तर — "ताई, थोडं भारावून लिहिता येईल का?"

नाही म्हटलं.

बुधवार, २० ऑगस्ट

क्षितिज ऑफिसमधून थेट आला. सही केलेला फॉर्म त्याच्या हातात दिला. पोरगं किती खूश झालं! "बाबांमुळे तू नाही म्हणशील असंच वाटलं होतं मला." म्हटलं, बाबा त्यांच्या जागी बरोबर होते. मी इतकी वर्षं जिथे राहिले तिथली व्हायला काय हरकत आहे?

त्याने लगेच फोन काढला. "मग जानेवारीची चार तिकिटं बघतो."

"तीनच बघ," मी म्हटलं.