भोपळ्या पास झाला

दि. ९, सोमवार, दुपार

प्रिय धाकट्या,

थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक. तूही ठीक आहेस असं धरून चालते, कारण फोन तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. चौथी नापास बाईचं आहे, राहिलेले काना-मात्रा पदरचे घाल.

आधी गोड बातमी. आमचा भोपळ्या पास झाला! सकाळी निकाल आला. नात फाटकातूनच ओरडली, "आजी, स्वच्छ! परत तपासलं, परत स्वच्छ!" मी त्या जाड्याच्या गळ्यात पडले, तर त्याने माझी बाहीच चावली. जनावरांची डॉक्टरीण झाली तरी पोर उड्या मारत होती, लहानपणी मारायची तश्शी.

गंमत ऐक. आजारी पडली ती नवी घोडी. जबड्याखाली गाठी, नाक वाहतंय, अंगात ताप. मी सगळ्यांना सांगत सुटले, हिनेच रोग आणला. नात म्हणाली, "थांब गं जरा. सगळ्यांचेच नमुने घेऊ." आणि निघाला कोण? भोपळ्या! ना खोकला, ना शिंक, वर ढेरी सुटलेली. घोड्याच्या घशामागे दोन पिशव्या असतात म्हणे, जंतू तिथे घर करून बसले होते. जन्म गेला घोड्यांत, मला काय ठाऊक! चोर सोडून संन्याशाला फाशी, तशातली गत. मी नव्या घोडीची माफी मागितली. तिने काही मनात धरलं नाही. घोडी बरी माणसापेक्षा.

मग पोरीने भोपळ्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं, नाकातून बारीक नळी घातली, पिशव्या धुतल्या, आत औषध सोडलं. हा आपला दारू प्यायल्यासारखा मान खाली घालून उभा. झालं, संपलं. कुणाला गोळी घातली नाही, कुणाला पुरलं नाही.

हे शेवटचं वाक्य परत वाच. तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहीत आहे. बाबांच्या घोड्यांच्या डोळ्यांत रोग ओळखायचे थेंब टाकले होते, आणि सकाळी ज्यांचे डोळे सुजले ते सगळे मारले. त्यांना नेताना दोर तुझ्या हातात होता. तो रोग वेगळा होता रे. त्याला औषध नव्हतं, माणसालाही व्हायचा. हा तो नाही. मी नातीला इतक्यांदा विचारलं, की ती म्हणाली, "आजी, आता तुझाच नमुना घेते."

आमच्याकडे शिस्त कडक. बादल्यांना रंग दिलेत: आजाऱ्यांच्या लाल, संशयितांच्या पिवळ्या, धडधाकटांच्या हिरव्या. एकाची दुसऱ्याला नाही. हौद रिकामा करून घासला. हिरव्यांचं काम आधी, लालचं शेवटी, मग मी कपडे बदलते. माझ्या लग्नात एवढे बदलले नव्हते. आणि इथल्या माणसाने दुसऱ्या तबेल्यात जायचं नाही, म्हणून तुझे कान धरायला मी स्वतः आले नाही.

हं. तर मिरची. आमच्याच हौदावर भोपळ्याच्या तोंडाला तोंड लावून पाणी प्यायलेली तुझी घोडी.

नात तिचा नमुना घ्यायला तुझ्याकडे आली तेव्हा तू म्हणालास, मिरची विकली. तिने विश्वास ठेवला, मामाआजोबा ना तू तिचा. मी नाही ठेवला. मेल्या, तू काहीही विकलंस की महिनाभर "मला लुटलं, मला फसवलं" करत फिरतोस. जुनी सायकल विकलीस तेव्हा जेवला नव्हतास. आणि मिरची विकलीस नि तोंडातून एक शिवी नाही? ती तुझ्या वखारीमागच्या शेडमध्ये आहे. दुसरी जागाच नाही तुझ्याकडे.

ती ठणठणीत असेल. भोपळ्याही होता. पण वखारीच्या दारातल्या हौदावर शेजारच्या गाडीवाल्याची घोडी पाणी पिते, आणि ती पोटुशी आहे. तिला काही झालं तर तुझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, ओळखते मी तुला. आणि मिरचीलाच गाठ येऊन श्वास कोंडला, तर कुणाला बोलावशील? विकलेल्या घोडीला औषध कोण देणार?

मी नातीला अजून बोललेले नाही. शेजारीण संध्याकाळी हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवेल. उद्या सकाळी तूच पोरीला फोन कर. "मिरची इथे आहे" एवढंच म्हण. ती ओरडणार नाही. आमच्या घरात ओरडायचं काम माझ्याकडे आहे. दुपारपर्यंत फोन आला नाही, तर मी सांगेन. चुगली म्हण, काही म्हण. पण तू करशील. मी पोरीचा चहा तुझ्याकडेच होईल असं धरून चालले आहे.

मिरचीच्या कपाळावरून माझा हात फिरव. मग तुझा साबणाने धू.

अजून तरी न रागावलेली,
तुझी ताई