घाणा चाखायचा नाही

२ जून २०२१
कोरोनातून उठल्यावर आज पहिल्यांदा भट्टी पेटवली. वास अजून अर्धाच येतो. दूध खाली लागलं तरी कळलं नाही, ह्यांनी ओरडून सांगितलं. तरी कढईतून उतरलेला खव्याचा घाणा मीच चाखला. माझ्या जिभेवर पास झाल्याशिवाय आमचा खवा भूमच्या बाजाराला जात नाही, लग्नापासूनचा रिवाज. सासूबाईंनी ताकद यावी म्हणून डिंकाचे लाडू वळलेत. वर वाटीभर तूप. सगळं खाल्लं.

५ जून
पोटात वरच्या अंगाला कळ, थेट पाठीपर्यंत. वाकून बसलं की जरा बरं. सा.बा. म्हणाल्या, "दुखण्यानं आतडी वाळली गं सुमे. तूप घे, उतरंल." घेतलं. मग उलट्याच.

६ जून
धाराशिव. दवाखान्यात सलाईन. तोंडानं पाणीसुद्धा नाही. रक्तात लायपेज, अमायलेज लई वाढलेत. डॉ. बाई म्हणाल्या, स्वादुपिंडाला सूज. पित्ताचे खडे नाहीत, दारूचा प्रश्नच नाही, कोरोनाचा हात असावा, पण खात्रीनं सांगता येत नाही. अन्न पचवणारा रस आतड्यात उतरायच्या आधीच पिंडाला खायला लागतो म्हणे. दूध उतू जाऊन आपलीच चूल विझवतं, तसं मी समजून घेतलं. भीती वाटली.

१२ जून
घरी. तूप, तळण, खवा बंद.
"चाखायचा पण नाही?"
"सध्या चिमूटभरसुद्धा नाही."
ह्यांनी मान खाली घातली. मी नाही घातली. भट्टी चालवायचीच. पण ह्यांना गोड लागलं की सगळं चांगलं. चाखणार कोण...

२० जून
पुन्हा कळ. पथ्य तर पाळलं. दुपारी वरणावर चकाकी दिसली. सा.बां.नी तूप मुरवलं होतं, आठवडाभर रोजच. "कोरडं खाऊन खाऊन वाळाय लागलीस. बघवंना मला." ताट सरकवलं मी. मागून वाईट वाटलं. आजारी माणसाला तूप न देणं म्हणजे त्यांच्या लेखी उपाशी मारणं. किती वेळा सांगू?

२१ जून
सा.बां.ना सोबतच घेऊन गेले. लायपेज परत वर, पहिल्याइतकं नाही. डॉ. बाईंनी त्यांनाच समोर बसवून समजावलं. एस.टी.तून उतरताना एवढंच, "म्याच घातलं की गं तुझ्या पोटात." संध्याकाळी त्यांच्याही भाकरीवर तूप नव्हतं. मला बघवलं नाही. पण घ्या म्हटलं नाही.

१४ ऑगस्ट
दुखत नाही, पण वजन उतरतंय. शौचाला तेलकट होतं. डॉ. बाई: सुजेत पिंडाचं नुकसान झालंय, आता रस कमी पडतोय. तोच रस कॅप्सूलमधून, जेवताना पहिल्या घासाबरोबर. साखरही जरा वर. पूर्ववत होईल का विचारलं. "काहींचं होतं. तुमचं बघू." बघूच.

२७ सप्टें.
देवळं उघडणार म्हणतात. तुळजापूरच्या पेढेवाल्याचा निरोप, नवरात्राला खवा पाहिजे. हे म्हणाले, जमणार नाही कळवू का? नाही म्हटलं. खव्यानं कढईच्या कडा सोडलेल्या मला दिसतात, चिमटीत दाणा कळतो. चाखायला सा.बा.
"माझी जीभ म्हातारी झाली."
"मला ती चालंल, आत्याबाई."
पहिला घाणा उतरवला. त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला. "तुझ्यावाणी न्हाय झाला. भ्यालीस. लवकर उतरवलास." खरं होतं. दुसरं दूध चढवलं.

२९ सप्टें.
सकाळी तपासणीला रक्त देऊन आले, रिपोर्ट उद्या. दुपारचा घाणा धीरानं घेतला. सा.बां.नी चाखला, बोट परत कढईकडं गेलं. तेव्हाच समजले, जमला. जेवायला बसले तर त्यांच्या मुठीत माझी कॅप्सूल. हात पुढं केला.
"आदी न्हाय. पैल्या घासासंगं. ठावं हाय मला."
जेवून उठले तर फळीवर वाटी झाकलेली. आत आजचा खवा, चिमूटभर. रिपोर्ट चांगला आला आणि डॉ. बाई हो म्हणाल्या तर तुझा, असं सा.बा. म्हणाल्या.
डॉ. बाई नाहीच म्हणाल्या, तर पुढच्या घाण्यातला ठेवा म्हटलं.