गाणारं भांडं

माझं तिकीट तू मला विचारून काढलं नाहीस. चहाचा कप धुवून पालथा घालते न घालते तोच माझी पिशवी दाराशी, आणि आत माझे कपडे बोळे करून कोंबलेले. आयुष्यभर लाँड्रीत परक्यांच्या चादरींच्या घड्या घातल्या मी, आणि माझ्या मुलाला आईच्या चार कपड्यांची घडी घालता आली नाही. वर बसमध्ये बसवताना म्हणालास, "आई, थोडे दिवस आराम कर." आराम म्हणे! भाड्याने आणलेलं मशीनसुद्धा लोक पुसून परत करतात.

प्रिय मुला, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. प्रिय आहेस की नाहीस ते पत्र संपेपर्यंत बघू.

खोली बंद राहून कुबट झाली होती. शेजारीण डोकावली, म्हणाली, नातीला सोडून कशा आलात? म्हटलं, काम झालं, आले. खोटं बोलले. काम झालं नव्हतं, होत आलं होतं. तेच सलतंय.

बोलावलं होतंस तूच. शाळा डायपरमधलं मूल घेत नाही, आणि ठकी आपली दिवसभर ते गाठोडं बांधून बदकासारखी फिरतेय. मी आले तेव्हा तू आधीच सगळी तयारी करून ठेवली होतीस. ते हिरव्या बेडकाचं भांडं, त्याच्या उघड्या तोंडात बसायचं, आणि आत थेंब पडला की ते गाणार. भिंतीवर तक्ता, भांड्यात झालं की एक चांदणी चिकटवायची. ठकीने सगळ्या चांदण्या माझ्या गालांना लावल्या आणि शू गालिच्यावर केली. तू कपाळाला हात लावलास, मला हसू आवरेना. दवाखान्याच्या चादरी धुतल्या मी, काय काय धुतलं ते विचारू नकोस, मला कुणी एक चांदणी दिली नाही. आणि इथे शू केल्याबद्दल बक्षीस!

पण पोरगी त्या बेडकाला भीत होती, हे तुम्हा दोघांच्या लक्षात आलं नाही. जबड्यात कोण बसेल? तू बसशील? मग मी माझ्या आईने मला केलं, मी तुला केलं तेच केलं. मोरीत बुटक्या पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, दोन पावलांमध्ये फट ठेवायची, त्यावर तिला बसवायचं. तोंड आपल्याकडे, तिचे हात आपल्या गुडघ्यांवर. आणि तोंडाने शूऽऽ करत राहायचं. सूनबाईने नाक मुरडलं. आई, हे स्वच्छ नाही हो. म्हटलं, बाई, पाय धुता येतात. औषधाच्या दुकानात दिवसभर खोकणारी माणसं तुझ्या तोंडासमोर उभी असतात, ते चालतं? पण मनात ठेवलं नाही तिने, हे तिचं मी मान्य करते. पोरीची चड्डी संध्याकाळपर्यंत कोरडी राहिलेली पाहिली तेव्हा हसली, दुसऱ्या दिवशी हत्तीची चित्रं असलेल्या चड्ड्या घेऊन आली आणि माझ्यासाठीही चहा टाकला. पुढे पुढे ठकीच माझा पदर ओढायची, "आजी, पाय दे!" पाय दिले की बसून मला गोष्टी सांगायची. मुंगीला चप्पल नसते, साबण रडतो, असलं काहीबाही. मोकळी व्हायची पोर.

तुला धीर नव्हता. म्हणालास, शाळेत तुझे पाय कुठून आणायचे? बोलण्यात तू पहिल्यापासून हुशार. मी म्हटलं, भांडं माझ्या पावलांच्या मध्ये ठेवू, मग एक पाय काढू, मग दुसरा, हळूहळू होईल. हळूहळू हा शब्द तुझ्या ऑफिसात चालत नाही वाटतं. शाळेत भेटायला बोलावलेला दिवस जवळ आला, आणि तू घरात असा फिरायला लागलास जणू पोरगी मुद्दाम तुझी नोकरी घालवायला बसलीय.

तुझं सांगू? शाळेत जायला लागलास तरी रात्री गादी भिजवायचास. मी पहाटे गादी उलटी करायचे, वर कोरडी चादर घालायचे, आणि कामावर जायचे. गल्लीत कुणाला कळलं नाही. एकदा तुझ्या बापाला कळलं. त्याने ती ओली चादर तुझ्या डोक्यावर दिली आणि तुला दारात उभं केलं, शाळेला जाणारी पोरं बघत असताना. मी लाँड्रीतून हातातलं टाकून आले, तुला आत घेतलं, आणि त्या माणसाशी वर्षभर कामापुरतंच बोलले. तुला आठवत नसेल असं मला इतकी वर्षं वाटत होतं. तू बापावर गेलास असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर तुला सबब मिळेल.

तर तो दिवस. सूनबाई दुकानात. मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले. तू जेवायच्या टेबलावर संगणक मांडून ऑफिसच्या लोकांशी बोलत होतास, म्हणालास ठकीकडे मी बघतो. खाली आले तर तुझं गोड गोड बोलणं चाललेलं, हो सर, नक्की सर, आणि मागे मोरीच्या दारावर बारीक बारीक थापा. कडी बाहेरून लावलेली. दिव्याचं बटणही बाहेर, तेही बंद. मी दार उघडलं तर आत नळाचं पाणी ठिबकून तुझा तो बेडूक एकटाच गात होता, आणि पोर कडीच्या आवाजाने मागे सरकून बादलीमागे पाय आवळून उभी. रडत नव्हती. रडणं संपलं होतं तिचं. तू कानातलं काढून मला म्हणालास, झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही म्हणून सांगितलं होतं तिला, पाचच मिनिटं झाली. आणि मग हळू आवाजात, आई, हिला सांगू नकोस.

नाही सांगितलं. नवराबायकोच्या मध्ये तोंड घालायची मला हौस नाही.

तेव्हापासून पोरगी शू, शी सगळं धरून ठेवते. माझ्या पायांवरही बसेना. पोट दगडासारखं. डॉक्टरीणबाईंकडे आपण तिघंही गेलो. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी शांतपणे विचारलं, हिला कुणी रागावलंय, घाबरवलंय, कोंडलंय का? सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मी तुझ्याकडे पाहिलं. आणि तू जमिनीकडे बघत म्हणालास, आईची जुनी पद्धत आहे, पायावर बसवते, जरा दमदाटी होते तिच्याकडून. एवढं बोलून तू ठकीचं नाक पुसलंस. किती प्रेमळ बाप, असं त्या बाईंना वाटलं असेल. मी बाकावरून उठले नाही, ओरडले नाही. दुसऱ्या सकाळी पिशवी दाराशी.

माझी बदनामी मी गिळली असती. या वयात आणखी कुणाला तोंड दाखवायचंय? पण काल सूनबाईचा फोन आला. दुकानामागच्या खोलीतून, खोक्यांच्या मध्ये उभी राहून बोलत होती. आजवर आपणहून तिने मला कधी फोन केला नव्हता. मी भांडत नाही आई, म्हणाली, शपथ घेऊन सांगते, भांडत नाही. पडद्यामागे उभी राहून कळा सोसते हो पोर, मोरीचं दार दिसलं की किंचाळते, डॉक्टर म्हणतात औषधाने पोट सैल होईल, भीती नाही जाणार, ती कशाची आहे ते कळलं पाहिजे. तुम्ही तिला काय केलंत तेवढं सांगा, मी कुणाला बोलणार नाही. आणि रडली. माझ्यापुढे, जिने तिच्या पोरीला भीती घातली असं तिला वाटतं त्या बाईपुढे हात पसरून रडली. मी म्हटलं, उद्या सांगते. म्हणून हे पत्र उद्या पोचणाऱ्या कुरिअरने तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय, आधी तुझ्या हातात पडावं म्हणून. हे वाचशील त्याच दिवशी घरी गेलास की तिला समोर बसव आणि तुझ्या तोंडाने सांग, कडी कुणी लावली, दिवा कुणी घालवला. ते कळलं तर डॉक्टरीणबाई पोरीला सोडवतील. तिला फोन करायचा मी एक दिवस पुढे ढकलला, पोरीच्या पोटाला तेवढाही उशीर परवडत नाही. पत्र पोचूनही तू गप्प राहिलास तर माझा फोन दुकानात वाजेल, आणि मी सांगेन तेव्हा तुझ्या बापापासून सुरू करेन, काही गाळणार नाही. माझी माफी मागू नकोस, तिचं मी इथे काय करू?

तुझीच, कारण दुसरी कोण तुला हे लिहिणार,
आई

उत्तर त्याच रात्री सूनबाईने मेसेजने लिहायचं, तिच्या हाताने, म्हणजे तू सांगितलंस हे मला कळेल. तू नाही.